साडेसहा वर्षांचा मुलगा, आजोबांचा मोबाईल आणि न संपणारा गेम

पुण्याजवळ राहणाऱ्या एका आईने विचारलं आहे: "मुलगा साडेसहा वर्षांचा, पहिलीत आहे. आम्ही दोघं नोकरी करतो. दुपारी तो आजी-आजोबांजवळ असतो आणि आजोबांच्या मोबाईलवर गेम खेळतो. गाड्यांची रेस, पळापळीचा एक गेम, आणि आता शेजारच्या दादाने शिकवलेला बंदुकीचा. मोबाईल काढून घेतला की किंचाळतो, वस्तू फेकतो, परवा आजीच्या हाताला चावला. अर्धा तास ठरवून दिला, तो दोन दिवस टिकला. जेवताना मोबाईल नसेल तर घास गिळत नाही. नवरा अजूनही रात्री हेडफोन लावून खेळतो; म्हणतो, मीपण लहानपणी खेळायचो, काय बिघडलं? दिवसाला किती मिनिटं द्यावीत? की बंदच करून टाकावा? हे व्यसन आहे का? घरात तीन वर्षांची धाकटीही आहे, ती शेजारी बसून बघत राहते."

ताई, मी गेली चोवीस वर्षं नाशिकमध्ये लहान मुलांच्या वागण्याच्या तक्रारी ऐकते आहे. सुरुवातीला लोक अंथरूण ओलं करणारी, अंगठा चोखणारी, शाळेच्या फाटकाशी रडणारी मुलं घेऊन यायचे. ती आताही येतात. पण हल्ली कित्येक मुलं माझ्या खोलीत शिरतात तीच आईच्या पर्समध्ये हात घालून. तेव्हा पहिलं सांगायचं ते हे, की तुमचं घर जगावेगळं नाही आणि तुमचा मुलगा बिघडलेला नाही.

मिनिटांचं आधी उरकून टाकते. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, म्हणजे आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, सांगते की दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच (लांबच्या मावशीशी व्हिडिओ कॉल चालतो), दोन ते पाच वर्षांत एका तासाच्या आत आणि तेही मोठं माणूस शेजारी असताना, पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत, जितकं कमी तितकं बरं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जवळपास हेच सांगितलं. हे दोन तास नुसते गेमचे नाहीत बरं का, त्यात टीव्ही आला, कार्टून आलं, जेवतानाचं यूट्यूबही आलं. तुमच्या मुलाच्या वयाला मी स्वतः शाळेच्या दिवशी वीस ते तीस मिनिटं गेम आणि शनिवार-रविवारी पाऊण तास असं सांगते. हा माझा अनुभवातून आलेला अंदाज आहे, शास्त्रवचन नाही.

पण अर्ध्या तासाचा नियम तुम्ही केलाच होता की. तो दोन दिवसांत मोडला. चाळीस मिनिटांचा केला असता तरी मोडला असता. कारण भांडण मिनिटांवरून होतच नाही, ते गेम बंद करायच्या क्षणावरून होतं. म्हणून माझं बहुतेक उत्तर त्या एका क्षणाबद्दल आहे.

तुमचे मिस्टर म्हणतात ते खोटं नाही. त्यांनी खेळलेला गेम टीव्हीला जोडायचा, कॅसेट घालून चालवायचा होता. मारिओला तीन लाइफ असायच्या. तीन वेळा मेलं की खेळ खल्लास, रिमोट भावाच्या हातात. संध्याकाळी बातम्या लागल्या की टीव्ही बाबांचा. आणि त्या काळच्या महाराष्ट्रात या सगळ्यांवर एक मोठा पंच होता, लोडशेडिंग. लाईट गेले की ज्याच्यावर रागवायचं असा कोणी घरात नसायचा. आई वाईट ठरायची नाही, वीज मंडळ ठरायचं. त्या गेमला शेवट होता आणि तो शेवट घराबाहेरून आपोआप यायचा.

तुमचा मुलगा खेळतो त्या गेममधून हा शेवट मुद्दाम काढून टाकलेला आहे. पळापळीच्या गेममध्ये रस्ता संपतच नाही. पडला की एका सेकंदात पुन्हा सुरू. आठवड्यातले सलग सात दिवस आलास तर सातव्या दिवशी मोठी पेटी. पेटीत काय निघेल ते माहीत नाही, कधी चार नाणी, कधी चकाकती गाडी. बंदुकीच्या गेमची तऱ्हा आणखी वेगळी: तो मध्येच थांबवताच येत नाही. एकदा मैदानात उतरलं की मरेपर्यंत किंवा जिंकेपर्यंत खेळायचं, आणि सोबत चालते बोलते इतर खेळाडू असतात. तुम्ही ऑफिसातून येऊन घड्याळ बघता आणि फोन काढून घेता तेव्हा तुमच्या दृष्टीने अर्धा तास झालेला असतो. त्याच्या दृष्टीने मात्र कोणीतरी चालू मॅचमध्ये स्टंप उपटून नेलेले असतात. किंचाळणं क्षम्य आहे असं मी म्हणत नाही, पण ते का येतं ते कळलं तर उपाय सापडतो.

आता दुसरी बाजू, आणि ही जरा बोचेल. अमेरिकेत स्किनर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी कबुतरांवर पुष्कळ प्रयोग केले. कबुतराने बटणावर चोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल आणि मग दाणा बंद केला, तर ते थोड्या वेळात नाद सोडतं. पण दाणा कधी मिळतो आणि कधी नाही असं असेल, तर दाणा साफ बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ चोच मारत राहतं. गेममधली पेटी याच तत्त्वावर चालते. आणि घरातला नकारही! सोमवारी नाही म्हणालात. मंगळवारी नाही म्हणालात, पण तो वीस मिनिटं रडला, पाहुणे आले होते, म्हणून आजीने "घे रे बाबा एकदाचा" म्हणत दिला. बुधवारी तो पंचवीस मिनिटं रडेल, कारण विसाव्या मिनिटाला पेटी उघडते हे त्याला कळलं आहे. तो लबाडी करत नाही, तो शिकतो आहे. ठाम "हो" चालेल, ठाम "नाही" चालेल. रडण्याच्या लांबीवर ठरणारं "बरं, घे" तेवढं चालणार नाही.

तेव्हा करायचं काय.

गेमला दिवसातली एक जागा द्या. "अर्धा तास" ही जागा नव्हे, कारण तो कधीचा अर्धा तास हे रोज नव्याने ठरतं आणि जे रोज ठरतं त्यावर रोज वाद होतो. जागा म्हणजे "दूध पिऊन झालं, कपडे बदलले, की गेम, त्यानंतर खाली खेळायला." आधी काय आणि नंतर काय, हे दोन्ही पक्के हवेत. नंतरची गोष्ट त्याला आवडणारी हवी. गेमनंतर लगेच गृहपाठ ठेवलात तर कोण उठेल? खाली सायकल असेल, मित्र असतील, तर उठणं सोपं जातं. संध्याकाळचा उजेड डोळ्यांनाही हवा. तैवानमध्ये मुलांना लवकर चष्मा लागू नये म्हणून २०१० पासून शाळांनी मुलांना रोज दोन तास उघड्यावर काढायला लावलं आहे. आपल्याकडे ऊन फुकट आहे, फक्त जिन्याने खाली उतरायचं.

झोपण्याआधीचा तास आणि जेवणाचं ताट, या दोन जागी गेम कधीच नाही.

मोजायचं ते मिनिटांत मोजू नका. साडेसहा वर्षांच्या मुलाला वीस मिनिटं म्हणजे काय ते कळत नाही. त्याला "तीन रेस" कळतात. सुरू करण्याआधी त्याच्याच तोंडून वदवून घ्या: आज किती? तीन. तिसरी झाली की काय करायचं? बंद. कुठे ठेवायचा? यासाठी घरातला एक स्टीलचा डबा नेमा. फोन बंद करून डब्यात त्याने स्वतः ठेवायचा, तुम्ही हिसकावायचा नाही. क्षुल्लक वाटेल, पण हातातून ओढून घेतलेला फोन आणि स्वतः ठेवलेला फोन यात मुलाच्या मानापमानाचा फरक आहे, आणि या वयात मान फार मोठा असतो.

आणि स्वयंपाकघरातून "दोनच मिनिटं राहिली हं!" असं ओरडणं सोडा. हे मीच वर्षानुवर्षं पालकांना सुचवत होते, की आधी कल्पना द्या, मग बंद करा. मग २०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या काही संशोधकांनी एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरी स्क्रीन बंद होताना काय होतं याच्या नोंदी आईवडिलांकडून रोज लिहून घेतल्या. ज्या वेळी दोन मिनिटांची सूचना दिली, त्या वेळी रडारड जास्त. जिथे व्हिडिओ आपोआप संपला किंवा बंद करणं रोजच्या क्रमाचा भाग होतं, तिथे मुलं बऱ्यापैकी निमूट उठली. तुमचा मुलगा त्या वयाच्या पुढचा आहे, पण माझ्याकडच्या सहा-सात वर्षांच्या मुलांतही मला हेच दिसलं. लांबून ओरडलेली सूचना त्याच्या लेखी भांडणाची तुतारी असते. त्याऐवजी शेवटच्या रेसला जाऊन शेजारी बसा. "ही कुठली गाडी? वळणावर ब्रेक कसा मारतोस?" विचारा. रेस संपेल. तुम्ही दोघं उठाल. सुरुवातीचे दोन आठवडे हे रोज करावं लागेल; तुम्ही घरी नसाल तर ज्याच्याजवळ मूल आहे त्याने करायचं.

बंदुकीचा गेम आणि पळापळीचा गेम काढून टाका. इथे मी वाटाघाटी सुचवणार नाही. पहिल्यात अनोळखी माणसं बोलतात आणि तो अधेमध्ये थांबत नाही. दुसरा कधीच संपत नाही. रेस ठेवा, कोडी ठेवा, वस्तू रचायचे गेम ठेवा, जिथे एक डाव संपला की संपला. प्ले स्टोअरवर गेमच्या नावाजवळ ३+, ७+, १२+, १६+ असा आकडा असतो, तो वाचायची सवय लावा. मात्र तो आकडा फक्त मजकुराबद्दल सांगतो. गेम चिकटून बसवणारा आहे की नाही, हे तो सांगत नाही. ते कळायला तुम्ही स्वतः दहा मिनिटं खेळून बघा. तुम्हालाच उठवेना झालं तर उत्तर मिळालं.

पहिले दहा दिवस वाईट जातील, हे आधी सांगून ठेवते, म्हणजे चौथ्या दिवशी तुम्ही "डॉक्टरबाईंचं काही खरं नाही" म्हणणार नाही. रडणं आधी वाढतं. पूर्वी वीस मिनिटांनी पेटी उघडायची, आता उघडत नाही, म्हणून तो चाळीस मिनिटं ठोकून बघेल. नेमक्या याच वेळी बहुतेक घरं हात टेकतात, आणि चाळिसाव्या मिनिटाला दिलेला फोन सगळ्यांत महाग पडतो. सुरुवात करायची ती शनिवारी करा, दोघंही घरी असाल अशी. शेजारच्यांना सांगून ठेवा की आठवडाभर आवाज येईल. खरंच सांगा, लाज वाटते म्हणून फोन देऊन गप्प केलेली मुलं मी खूप पाहिली आहेत.

रडताना बोलायचं ते एवढंच: "राग आलाय ना. कळतंय मला. तीन रेस झाल्या. आता उद्या." मग गप्प. त्या वेळी डोळे खराब होतात, अमुकच्या मुलाला चष्मा लागला, आमच्या वेळी असं नव्हतं, हे काहीही ऐकायला त्याचा मेंदू जागेवर नसतो. तो फेकू लागला तर वस्तू बाजूला करा. चावायला आला तर हात धरून "चावायचं नाही" म्हणा आणि दोन पावलं मागे व्हा. चावलं म्हणून तीन दिवस गेम बंद, असली शिक्षा जाहीर करू नका. दुसऱ्या दिवशी आजी ती मोडणार आहे आणि तुम्हालाही माहीत आहे.

आता आजी-आजोबा. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल चीड आहे ती समजते, पण जरा त्यांच्या खुर्चीत बसून बघा. दुपारी दोन ते सात. आजोबांचे गुडघे, आजीची डुलकी, एक साडेसहा वर्षांचा आणि एक तीन वर्षांची. फोन हा त्यांचा पाळणा आहे. तो नुसता काढून घेतलात तर ती दुपार कशी निभावायची? फोन बंद करा असं सांगायला जाल तर "आम्ही तुझ्या नवऱ्याला वाढवलं" हे ऐकाल, आणि ते खरंच असेल.

माझा अनुभव असा, की आजोबांना काही बंद करायला सांगितलं तर ते रुसतात, काही सुरू करायला सांगितलं तर फुलतात. त्यांना कॅरम द्या, पत्ते द्या. गाढव डाव, भिकार-सावकार, मोठ्या मुलाला झेपला तर पाच-तीन-दोन. पत्त्यांत हरणंही शिकायला मिळतं, आणि तेही समोर खिदळणाऱ्या आजोबांकडून. माझ्याकडे एक आजोबा यायचे, गॅरेजवाले. नातवाला रोज एक जुना पाना आणि गंजका नट द्यायचे, रॉकेलने साफ कर म्हणून. मुलाचे हात काळे, आई वैतागलेली, पण फोनची आठवण दोन तास नाही. तुमच्याकडे गॅरेज नसेल, पण शेंगा सोलणं, लसूण निवडणं, कुंडीला पाणी घालणं असतं. सहा वर्षांच्या मुलाला खरं काम आवडतं, आपल्यालाच ते देण्याचा धीर नसतो.

हे बोलणं तुमच्या मिस्टरांनी त्यांच्या आईवडिलांशी करायचं, तुम्ही नाही. सुनेने सांगितलं की ती टीका होते, मुलाने सांगितलं की तो सल्ला होतो. हे अन्यायाचं आहे, पण या आठवड्यात तुम्हाला कुटुंबव्यवस्था सुधारायची नाही, एक गेम बंद करायचा आहे.

जेवणाचं मात्र एकदम करा, टप्प्याटप्प्याने नको. फोन समोर असला की मूल भूक लागली म्हणून खात नाही, तोंड उघडतं म्हणून खातं. फोन गेला की चार-पाच दिवस तो कमी जेवेल. आजीचा जीव खालीवर होईल. तंदुरुस्त मूल ताटासमोर उपाशी राहत नाही. ताट वाढा, सगळे एकत्र बसा, वीस मिनिटांनी ताट उचला, मधे बिस्किटं नाहीत. वजन मुळातच कमी असेल किंवा घास गिळताना तो खरोखर ठसकत असेल, तर हे करण्याआधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि मोठ्यांचे फोनही ताटाजवळ नकोत. तुमच्या मिस्टरांचा तर नाहीच.

त्यांच्याबद्दल एवढंच: बाप रात्री हेडफोन लावून खेळतो आणि मुलाला दिवसा नियम सांगतो, हे मुलाला दिसतं. त्यांनी गेम सोडावा असं मी म्हणत नाही. मुलं झोपल्यावर खेळावं, आणि रविवारी मुलाबरोबर एकाच स्क्रीनवर खेळावं. बापाशी रेस लावून हरलेला मुलगा एकट्याने जिंकलेल्या मुलापेक्षा जास्त खूश असतो.

फोनच्या सेटिंगबद्दल थोडक्यात. आजोबांचा फोन आजोबांचाच राहू द्या: त्याचा पॅटर्न बदला, गेम काढा. घरात जुना फोन असेल तर तो सिम काढून मुलासाठी ठेवा आणि त्यावर गुगलचं फॅमिली लिंक लावा. त्यात रोजची मर्यादा, झोपेची वेळ, प्रत्येक अ‍ॅपला वेगळा वेळ असं ठरवता येतं, आणि नवीन गेम उतरवायला तुमची परवानगी लागते. आयफोन-आयपॅडवर हेच काम स्क्रीन टाइम करतं. गेमची नोटिफिकेशन बंद करा. "तुझी पेटी तयार आहे" हा निरोप शाळेतून आल्या आल्या दिसू नये. प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागेल असं प्ले स्टोअरमध्ये ठेवा. माझ्याकडे आलेल्या एका आठ वर्षांच्या मुलीने आजीच्या फोनवरून गेममधले हिरे विकत घेतले होते. पिन तिला कसा कळला? आजीच्या लक्षात राहत नव्हता, म्हणून आजीनेच तो नातीला पाठ करायला दिला होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झाले, पण साध्या गेममध्ये हिरे किंवा पोशाख विकत घेणं हे त्यात धरलेलं नाही, तेव्हा ती काळजी आपलीच.

सेटिंगचा खरा फायदा निराळाच आहे. वेळ संपली हे फोन सांगतो, आई सांगत नाही. यावरून मला सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव आठवतं. कडेगाव तालुक्यातलं छोटं गाव. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की घराघरातले टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला. साडेआठला भोंगा परत वाजला की सुरू. बातम्या आल्या तेव्हा लोकांनी अभ्यासाचं कौतुक केलं. मला त्यातला भोंगा आवडला. तो आई नाही, आजी नाही, त्याच्याशी हुज्जत घालता येत नाही आणि तो बाबांनाही लागू आहे. जुनं लोडशेडिंगच, पण ठरवून आणलेलं. तुमच्या घरातही एक भोंगा हवा. एका घरी तो कुकर होता: तिसरी शिट्टी झाली की सगळ्यांचे फोन डब्यात.

बंदच करून टाकावा का? करता येईल, तोटा काही नाही. गेम ही अन्नपाण्यासारखी गरज नव्हे. पण करणार असाल तर सगळ्यांच्या सगळ्या फोनवर आणि कायमचा, आणि शेजारच्या दादाच्या घरी काय चालतं तेही धरून. ते जमणार नसेल, तर अर्धवट बंदीपेक्षा रोजच्या तीन रेस बऱ्या. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी रात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेम कायद्याने बंद केले होते आणि दहा वर्षांनी तो कायदा मागे घ्यायचं ठरवलं. सरकारला निभावता आलं नाही ते दमून आलेल्या आईला एकटीने निभावता येईल असं मला वाटत नाही.

एक चूक टाळा: "गृहपाठ केलास तर गेम, नाहीतर नाही." सगळेच असं करतात, मीही माझ्या मुलीच्या बाबतीत केलं. त्याने गृहपाठ शिक्षा होतो आणि गेम सोन्याचा. गेम दूध-पोह्यांसारखा दिनक्रमात साधा ठेवला की त्याची किंमत आपोआप उतरते.

राहिला व्यसनाचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, गेमिंग डिसऑर्डर आहे. पण तो शब्द लावायला तीन गोष्टी लागतात: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यावर गेमने मात करणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असावं. साडेसहा वर्षांच्या मुलाचा ताबा मुळात त्याच्याकडे नसतोच, तो आपल्याकडे असतो. तुम्ही लिहिलं आहे त्यावरून मी हा शब्द वापरणार नाही, आणि त्याच्यासमोर तर तुम्हीही वापरू नका.

तरी एक गोष्ट तपासा. मागे एक दुसरीतला मुलगा आला, तक्रार हीच, गेमशिवाय काही नको. गप्पा मारताना मी त्याला गोष्टीच्या पुस्तकातली एक ओळ वाचायला दिली. त्याला अक्षरं जुळवता येत नव्हती. वर्गात तो रोज सगळ्यांसमोर हरत होता आणि घरी गेममध्ये राजा होता. त्याला वाचनाची मदत मिळाली, तेव्हा गेमचा हट्ट निम्म्यावर आला. तुमच्या मुलाला शाळेत कोणी छळतं का, वाचायला-लिहायला फार जड जातं का, तो एका जागी बसूच शकत नाही का, नावाने हाक मारली तरी बघत नाही का, मित्रच नाहीत का, हे शिक्षकांना विचारा. यातलं काही "हो" निघालं, किंवा दोन महिने नियम नीट पाळूनही मारणं-चावणं थांबलं नाही, झोप उडाली, शाळा नको झाली, तर जवळच्या बालविकासतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मानसिक आरोग्याबद्दल फोनवर सल्ला देणाऱ्या सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मोठ्या मुलांच्या अशा तक्रारींसाठी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २०१४ पासून स्वतंत्र क्लिनिक आहे. तुमच्या मुलाला ती वेळ येईल असं मला दिसत नाही.

धाकटीबद्दल तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलं आहे, पण तिला मी आधी धरलं असतं. ती बघत बसते म्हणजे तिचाही स्क्रीनचा वेळ मोजला जातो आहे, आणि ती बंदुकीचा गेम बघते आहे. दादाच्या तीन रेसच्या वेळी तिला आजीबरोबर देवापाशी, अंगणात, पिठाचा गोळा हातात देऊन कणकेशी, कुठेही न्या. ती वेळ आजीची आणि तिची ठरून गेली, तर आजीलाही फोनची गरज एकाच नातवापुरती उरते.

आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज एक आकडा लिहा: फोन डब्यात गेल्यानंतर तो किती मिनिटं रडला. खेळला किती, ते लिहू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी आकडा वर जाईल, तेव्हा मागची पानं उलटू नका. तिसऱ्या आठवड्यातले आकडे मला कळवा.